मुकी वरात

माझ्या गळ्याच्या खळगीत बटणाएवढा वण आहे. गाणं शिकायला नवी मुलगी आली की आधी तिची नजर तिकडे जाते, मग ती घाईने छताकडे बघायला लागते. एकीने धीर करून विचारलं, "बाई, थायरॉइडचं ऑपरेशन का?" मी म्हटलं, "नाही गं. देवाचं गीत ऐकलं, त्याचा आहे." बाईंचं डोकं ठिकाणावर नाही असं तिला वाटलं असावं. पण मी खोटं बोलले नव्हते.

आमच्या चर्चमधली एक तरुण मुलगी सध्या खराडीच्या ऑफिसातून सुटली की थेट दवाखान्यात जाते. तिचा नवरा तिथे नळ्यांच्या जंजाळात पडून आहे. परवा ती मला म्हणाली, "बाई, सगळे मला मोबाइलवर गोड गोड प्रार्थना पाठवतात. मला एवढा राग येतो ना! तुम्हाला आला होता का कधी, देवाचा?"

आला होता का? अगं, मी त्याला शिव्या दिल्या. तुझ्यासाठीच हे लिहितेय. गोड लिहिणार नाही.

खिळा

ही हकिकत सत्तरच्या दशकातली. पुण्यात तेव्हा सायकली फार आणि हॉर्न कमी होते, आणि ही गोष्ट पुढे माझ्या जिवाच्या कामी आली. माझे यजमान वसंतराव एका छापखान्यात होते. मी शाळेत गाणं शिकवायचे आणि रविवारी उपासनेला हार्मोनियम वाजवायचे. स्वारगेटच्या मागे दोन खोल्यांत आमचा संसार होता.

नाताळ तोंडावर आला होता. दुरुस्तीला गेलेली हार्मोनियम लाकडी खोक्यातून परत आली. आमच्या चर्चमध्ये चपला दाराबाहेर काढतात. मी अनवाणीच धावले आणि खोक्याच्या फळीचा गंजका खिळा टाचेत घुसला. हळद भरली, चिंधी बांधली आणि तालमीला बसले. इतक्या दिवसांनी पेटी सुरात लागली होती, पायाकडे बघायला वेळ कुणाला होता?

आमच्या गायकांचे पुढारी पवारकाका. पोलीस खात्यातून जमादार म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी पट्टी धरली की रस्त्यावरचे लोक सवयीने बाजूला व्हायचे. पुढच्या एका तालमीला त्यांनी हात उंचावून सगळ्यांना थांबवलं आणि माझ्याकडे बोट केलं. "बाई, आ म्हणजे आ! ओठांतल्या ओठांत काय पुटपुटताय? देवाला काय गुपित सांगायचंय?"

सगळे हसले. मीही हसायला गेले आणि माझ्या लक्षात आलं की तोंड उघडतच नाहीये. जबडा कुणीतरी दोरीने आवळून धरला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी पोळीचा घास आत जाईना. वसंतराव म्हणाले, "अक्कलदाढ असेल. उशिरा का होईना, येतेय म्हणायची." आमच्याकडे प्रेम असंच बोलतात.

डॉक्टरांनी घसा बघायला लाकडी पट्टी तोंडात घातली आणि माझे दात तिच्यावर खटकन मिटले. मी मिटले नव्हते, ते आपले आपण मिटले. डॉक्टर ती पट्टी सोडवेनात, मी तोंड उघडेना. मग त्यांनी हळूच विचारलं, "पायाला वगैरे काही लागलं होतं का?"

वसंतरावांना त्यांनी बाहेर नेलं, पण दार लोटायचं राहिलं. मला सगळं ऐकू आलं. धनुर्वात. तोही चांगलाच. आत्ताच्या आत्ता हलवा आणि देवाचं नाव घ्या.

देवाचंच नाव घेत होते हो डॉक्टर, म्हणून तर खिळा टोचला, असं मला म्हणायचं होतं. तोंड उघडलं असतं तर म्हटलंही असतं.

काळी खोली

रुग्णालयाच्या आवाराच्या टोकाला, बाकीच्या इमारतींपासून दूर, एक बैठी इमारत होती. खोलीच्या खिडकीवर काळा पडदा, दिव्याला काळा कागद, दारावर पाटी: गोंगाट करू नका.

धनुर्वातात शुद्ध जात नाही. लोकांना हे माहीत नसतं. माणूस पूर्ण जागा असतो आणि त्याचं शरीर त्याला मारत असतं. दाराची कडी वाजली, औषधाची बाटली ट्रेवर टेकली, उजेडाची तिरीप आली, पायावरचं पांघरूण सरकलं, एवढं पुरे व्हायचं. मान मागे खेचली जायची, पाठ वर उचलली जायची, डोकं आणि टाचा तेवढ्या गादीला टेकलेल्या. मधलं सगळं शरीर हवेत. हाडं करकरलेली मला ऐकू यायची. जीभ दातांखाली सापडून रक्त घशात उतरायचं आणि ते गिळता यायचं नाही. एकदा दाढेचा तुकडा पडला आणि पुढचा झटका येईपर्यंत तोंडात खड्यासारखा फिरत राहिला. ओरडायचं म्हटलं तरी तोंड बंद. इतका मार मी जन्मात कुणाच्या हातून खाल्ला नव्हता, आणि मारणारी मीच होते.

त्या खोलीत शेख सिस्टर होत्या. त्या अनवाणी यायच्या. किल्ल्यांचा जुडगा रुमालात घट्ट गुंडाळलेला, बांगड्या काढून ठेवलेल्या. हात लावण्याआधी त्या कानाशी कुजबुजायच्या, "बाई, आता मी चादर ओढणारे. आता सुई टोचणारे. हं, आता." आधी सांगितलं की शरीर कमी दचकायचं. पुढे आयुष्यात मला पुष्कळ मोठमोठ्या लोकांनी धीर दिला, पण "हं, आता" एवढा धीर कुणाच्या बोलण्यात नव्हता.

"हसतेय बघा!"

आमच्या लोकांची एक रीत आहे. कुणी आजारी पडलं की आम्ही नुसते संत्री घेऊन जात नाही. चार जण मिळून जातो, खाटेभोवती उभे राहतो आणि गातो. मरणाऱ्याला गात पोचवतो, बाळंतिणीला गात भेटतो. मी स्वतः कितीतरी खाटांपाशी पेटी वाजवली आहे. त्यामुळे पुढे जे झालं त्याचा दोष मी कुणाला देत नाही. तेव्हा मात्र दिला होता, भरभरून.

रविवारची उपासना आटोपून पवारकाका सगळ्यांना घेऊन आले. दारावरची पाटी त्यांनी वाचली होती. मोठ्याने बोलायचं नाही, हे त्यांनी प्रत्येकाला बजावलंही होतं. पण देवाचं गीत म्हणजे गोंगाट, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नसतं. सिस्टर औषधं आणायला मुख्य इमारतीत गेल्या होत्या. वसंतराव माझ्याजवळ होते. त्यांनीच मंडळींना खिडकीशी बोलावलं आणि मला सगळे दिसावेत म्हणून काळा पडदा वर सारला.

"सलाम, बाई," पवारकाका खिडकीतून म्हणाले, आणि त्यांनी माझ्या वडिलांचं गीत सुरू केलं.

माझे वडील खेड्यापाड्यांतून फिरणारे उपदेशक होते. त्यांनी रचलेलं ते साधं गीत आहे: दिवा नाही हाती, तूच रे सांगाती. मला सर्वांत आवडतं म्हणूनच काकांनी ते निवडलं. उजेड डोळ्यांत घुसला, ढोलकीवर पहिली थाप पडली आणि माझी पाठ गादीवरून सुटली.

धनुर्वाताच्या झटक्यात चेहऱ्याचे स्नायू असे ताणले जातात की ओठ दोन्हीकडे फाकतात आणि दात दिसतात. बघणाऱ्याला वाटतं, माणूस हसतोय.

"हसतेय!" वसंतराव ओरडले. कितीतरी दिवसांनी त्यांना माझं हसू दिसत होतं. "हसतेय बघा! ऐकू येतंय तिला! काका, थांबू नका!"

काका थांबले नाहीत. आवाज आणखी चढला. वसंतरावांनी आनंदाने माझा हात दाबला. माझे डोळे उघडे होते. खिडकीत मला माझी माणसं दिसत होती, सगळ्यांच्या डोळ्यांत आनंदाश्रू, आणि ती मला ठार मारत होती. दुसरं कडवं सुरू झालं तेव्हा घसा आवळला आणि श्वास बंद पडला. समोर दात विचकून हसणारी बायको काळीनिळी पडायला लागली तेव्हा कुठे वसंतरावांचा हात ढिला झाला.

शेख सिस्टर धावत आल्या. त्यांनी पडदा खाली ओढला तो अख्खा दांडीसकट. वसंतरावांना खांद्याने ढकललं, ते भिंतीवर आदळले. खिडकीकडे वळून त्या एवढंच म्हणाल्या, "मारताय तिला!" आणि गाणं तुटलं. मग डॉक्टर आले. भूल द्यायला वेळ नव्हता. गळ्याला पातं लागलं ते मला कळलं, रक्त मानेवरून कानामागे गेलं तेही कळलं. मग गळ्यातल्या भोकातून हवा आत आली. शिट्टीसारखा आवाज झाला. तो माझा श्वास होता.

त्या दिवसापासून वसंतरावांनी खोलीत पाऊल टाकलं नाही. ते बाहेर पायरीवर बसून राहायचे. सिस्टरांनी नंतर बोलावलं तरी आले नाहीत.

सम

आता रागाचं सांगते. नळी बसली होती, आवाज गेला होता, म्हणून मनात बोलायचे. देवबापा, तुझं गीत गात आले ना ते? तुझ्याच नावाने? मग एक तर मार नाहीतर सोड, असा खेळवतोस काय? याहून वाईटही बोलले, ते इथे लिहिण्याजोगं नाही. उत्तर आलं नाही. प्रकाश पडला नाही, शांती उतरली नाही. साक्ष द्यायला उभे राहणारे लोक जे जे सांगतात त्यातलं काहीही झालं नाही.

वर ते गीत डोक्यातून जाईना. तेच गीत, ज्याने गळा कापला. दुसरं काहीतरी आठवायला जावं, शाळेतल्या कविता, पाढे, तर त्यांच्याखालून तेच वर यायचं. मी त्याला हाकलत होते आणि ते निर्लज्जपणे चालत होतं.

मग एकदा माझ्या ध्यानात आलं की याने झटका येत नाही. बाहेरची सुई पडली तरी मला उचलून आपटणारा हा आजार या आतल्या गाण्याला हात लावत नव्हता. मी हळूच करून बघितलं, मनात ठेका धरला. जमलं. जरा लय वाढवली, तरी शरीर गप्प.

मध्येच झटका यायचा, सगळं उधळून जायचं. पण गाणाऱ्यांना ठाऊक असेल, गाणारा चुकला, थांबला, ठसका लागला, तरी ताल थांबत नाही. सम जिथे यायची तिथेच येते. झटका ओसरला की मी धापा टाकत अंदाज घ्यायचे, आता ठेका कुठे पोचला असेल, आणि पुढच्या समेवर जाऊन उभी राहायचे. प्रत्येक वेळी ती तिथे असायची. मला वाटायला लागलं, मी तुटते तेव्हा हा ताल कोण धरून ठेवतंय? मी तर नक्कीच नाही.

माझा विश्वास परत आला तो एवढाच आणि असाच. हाती दिवा नसला तरी सोबत तो असतो, हे वडिलांनी खेड्यांच्या पारांवर सांगितलेलं मला तोवर नुसतं पाठ होतं. त्या खोलीत ते मला लागू पडलं.

बँड

एके दिवशी संध्याकाळी लांबून बँड ऐकू आला.

लग्नसराई होती. वरात रुग्णालयामागच्या गल्लीतून जाणार होती, आणि गल्ली माझ्या खिडकीपासून हाकेच्या अंतरावर. आधी मोठ्या ढोलाचे ठोके आले, ते आवाजाआधी छातीला कळले. मग ताशा. हातापायांत बारीक थरथर सुरू झाली. डॉक्टर मागे सिस्टरांना म्हणाले होते की आणखी एक मोठा झटका हिचं हृदय पेलणार नाही. ते मी ऐकलं होतं. सिस्टरांनी माझे कान दोन्ही तळव्यांनी झाकले, पण ढोल कानाने थोडाच ऐकू येतो? मी आतला ठेका धरला. त्या दणदणाटात तो सापडेना. ठोके जवळ येत गेले आणि मला कळलं, मी आता मरणार, तेही कुणाच्या तरी लग्नाच्या वाजंत्रीवर.

आणि बँड बंद पडला.

मागोमाग आरडाओरडा झाला, काहीतरी आपटलं, पण दूरच. मग बराच वेळ काही नाही. मग पावलं. शेकडो पावलं घसटत, दबकत चालली होती. गॅसबत्त्यांची सरसर ऐकू आली. घोडा एकदा फुरफुरला. एक लहान मूल काही विचारायला लागलं आणि कुणीतरी त्याचं तोंड दाबलं. अख्खी वरात माझ्या खिडकीवरून मुक्याने गेली. खूप पुढे गेल्यावर, पार दुसऱ्या रस्त्याला लागल्यावर, बँड पुन्हा सुरू झाला. तिथून तो मला सोसवला. आजारात पहिल्यांदाच मी बाहेरचं संगीत ऐकलं आणि माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. सिस्टरांनी कापसाने टिपलं.

काय झालं होतं ते मला घरी आल्यावर कळलं. त्या भयंकर रविवारनंतर पवारकाकांनी सगळ्या गायकांना गोळा केलं होतं. कुणीतरी म्हणालं, आता निदान लांबून प्रार्थना करू. काका म्हणाले, "प्रार्थना मनात करा. तोंडं बंद. आता आपलं काम वेगळं." त्या दिवसापासून आमचे गाणारे पाळीपाळीने गल्लीच्या दोन्ही टोकांना उभे राहिले. कल्हईवाल्याला परतवायचे, सायकलवाल्यांना घंटीवर हात ठेवू द्यायचे नाहीत, भांडणाऱ्या बायकांच्या पाया पडायचे. ज्यांचा जन्म गाण्यात गेला ती माणसं गल्लीत शांतता राखत उभी होती.

वरात आली तेव्हा काका तिच्यापुढे दोन्ही हात पसरून उभे राहिले आणि बँड थांबला.

"वाजवू नका. आत एक बाई आहे. आवाजाने मरेल."

"मग काय मुक्याने न्यायची? वरात आहे का मयत?" नवरदेवाच्या चुलतभावाने विचारलं.

"हातभर तर गल्ली आहे. तेवढी न्या."

त्याने काकांच्या तोंडावर ठोसा मारला. काकांचा ओठ फाटला, पुढचा एक दात गेला. ते खाली पडले, उठले आणि पुन्हा हात पसरून तिथेच उभे राहिले. पोलिसात जन्म गेलेला माणूस, त्यांनी एक हात उगारला असता तर तो पोरगा आडवा झाला असता. उगारला नाही. त्याने दुसऱ्यांदा मारलं. तेव्हा बँडमास्तराने तोंडाशी धरलेलं क्लॅरिनेट काखोटीला मारलं आणि तो म्हणाला, "वाजवणारा मी आहे. मी नाही वाजवत. चला." आणि तो स्वतः सगळ्यांत पुढे, टाचा उचलून चालायला लागला.

आ

घरी आणलं तेव्हा मी काठीसारखी झाले होते. मणक्याला चीर गेली होती, गळ्यातलं भोक बुजत आलं होतं. आवाज उरला होता तो घोगरा आणि पार खालच्या पट्टीतला. आणि घरात मी पाहिलं तर सगळं मुकं. वसंतरावांनी दाराच्या कडीला चिंधी बांधली होती, घड्याळ बंद केलं होतं. कुकरसुद्धा शेजारी दिला होता.

त्याहून वाईट म्हणजे मी हसलेलं त्यांना चालेना. काही विनोद झाला आणि मी हसले की त्यांचा चेहरा पांढरा पडायचा. ते जवळ यायचे, माझा जबडा चाचपायचे. "आ कर बघू." मी आ करायचे, मगच ते श्वास सोडायचे. मी एकदा चिडून म्हटलं, "अहो, बायको आहे मी, का दातांचा दवाखाना?" ते हसले नाहीत. म्हणाले, "मी त्यांना थांबू नका म्हटलं होतं." आणि बाहेर निघून गेले. आजार माझ्यातून गेला होता, पण त्यांच्यात राहिला होता. तो कसा काढायचा ते कुठल्या डॉक्टरला माहीत नव्हतं.

ठीक झाल्यावर पहिल्या रविवारी चर्चला गेले. सगळ्यांनी लांबूनच मान लववून सलाम केला. घंटा वाजली नाही. पाळकसाहेब कुजबुजत बोलले. गीत आलं तेव्हा गाणाऱ्यांनी ते इतकं दबकत म्हटलं की मला हसावं की रडावं कळेना. मी उठले आणि पेटीपाशी जाऊन बसले.

"पवारकाका," मी म्हटलं, "मी मेलेली नाही. आणि हे चर्च आहे, वॉर्ड नाही."

काकांच्या पुढच्या दाताच्या जागी खिंड होती. "मग काय म्हणायचं, बाई?"

"तेच. मागच्या खेपेला अर्धं राहिलं ते."

मी भाता ओढला. वडिलांचं गीत माझ्या नव्या, फाटक्या आवाजात सुरू केलं. ढोलकीवर पहिली थाप पडली तेव्हा माझं अंग एकदा शहारलं, खोटं का सांगू? पण सम आली, आणि मी तिच्यावर होते. पहिलं कडवं संपलं. दुसरं लागलं, जिथे माझा श्वास थांबला होता तिथून मी पुढे गेले, आणि मला हसू आलं, अगदी आतून.

पुरुषांच्या बाजूला वसंतराव ताडकन उभे राहिले. भर उपासनेत, सगळ्यांसमोर, चिरक्या आवाजात त्यांनी विचारलं, "हसतेयस ना? खरंच हसतेयस ना गं?"

मी तोंड उघडलं, जेवढं उघडत होतं तेवढं सगळं उघडलं, आणि त्यांच्याकडे बघत आ लावला. श्वास पुरला तोवर धरून ठेवला.

"हां," पवारकाका म्हणाले. "आता झाला आ."

वसंतराव मटकन खाली बसले आणि मोठमोठ्याने रडायला लागले. त्यांना कुणीही गप्प केलं नाही.